पालखी सावलीत शिरली, आता काय?

साल १८५८. तंजावरहून तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेल्या तिरुवैयारू गावात एक इंग्रज कॅप्टन भलीमोठी लाकडी पेटी घेऊन आला. त्याचं नाव लिनियस ट्राइप. पेटी म्हणजे त्याचा कॅमेरा, आणि तो होता मद्रास सरकारचा अधिकृत फोटोग्राफर. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. हे भोसले म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचे वंशज. ट्राइपने तंजावरची आणि तिरुवैयारूची देवळं, गोपुरं टिपली आणि त्यांचा एक संग्रह त्याच वर्षी निघाला. इंग्रज तेव्हा तिरुवैयारूला ‘त्रिवाडी’ म्हणत, म्हणून संग्रहाच्या नावातही त्रिवाडीच आहे.

ट्राइपच्या पेटीत फिल्म नव्हती आणि आजच्या कॅमेऱ्यात असतो तसा उजेड टिपणारा सेन्सरही नव्हता. होता मेण मुरवलेला, चांदीचे क्षार लावलेला कागद, जवळजवळ फूटभर रुंद. तमिळनाडूच्या उन्हाळ्यात हा कागद फार सोयीचा, कारण तो आधी तयार करून ठेवता येई. काचेवरचं ओलं रसायन तिथे बघता बघता सुकून जायचं. पण कागदाला उजेड प्यायला वेळ लागायचा. एका फोटोसाठी भिंगावरचं झाकण काढायचं, मिनिटं मोजायची आणि मग झाकण परत लावायचं!

देवळाला घाई नसते. ते हजार वर्षं उभंच आहे, आणखी पाच मिनिटं उभं राहील. पण समजा, त्या पाच मिनिटांत समोरून एक पालखी गेली. फोटोत ती कशी दिसेल?

दिसणारच नाही.

हिशेब करून बघू. भोई साधारण सेकंदाला एक मीटर चालतात. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे तेवढ्या वेळात पालखी ३०० मीटर पुढे गेली. पालखी तीन मीटर लांब धरली, तर रस्त्यातल्या कुठल्याही एका जागेसमोर ती तीनच सेकंद होती. उरलेले २९७ सेकंद कागदाने काय पाहिलं? मागची भिंत. शंभर भागांत नव्व्याण्णव भाग भिंत आणि एक भाग पालखी! कागदावर भिंतच उमटणार. पॅरिसमध्ये लुई दागेरने १८३८ साली एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, तेव्हाही हेच झालं. घोडागाड्या, येणारेजाणारे, सगळे गायब. एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा माणूस तेवढा ठळक उमटला, कारण तो पाय न हलवता उभा होता.

ट्राइपच्या कागदाची आणखी एक खोड होती. त्याला निळा रंग फार लवकर दिसायचा, त्यामुळे आकाश पांढरंफटक होऊन जाई. मग ट्राइप नेगेटिव्हवर ब्रशने ढग रंगवायचा. त्याच्या काही फोटोंतले सुंदर ढग म्हणजे चक्क चित्रं आहेत. मला हे वाचून फार आनंद झाला होता. उजेड आपलं ऐकत नाही, म्हणून माणसाने किती नाना तऱ्हा केल्या आहेत!

आता आजच्या तिरुवैयारूत चला. जायचं कधी, तर चित्रै महिन्यात, म्हणजे आपल्या एप्रिल-मेमध्ये. तेव्हा तिथे सप्तस्थान उत्सव असतो. गावचा देव ऐयारप्पर, म्हणजे पंचनदीश्वर शिव, देवीला घेऊन पालखीत बसतो. त्याच्याबरोबर दुसऱ्या पालखीत असतो नवरदेव नंदी, आपल्या नवरीसह. ही वरात आजूबाजूच्या सहा गावांतल्या देवांना भेटायला निघते: तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ती, तिल्लैस्थानम आणि मग परत तिरुवैयारू. पंढरीच्या वारीत आपण पालखीमागे चालतो ना, तसेच तिथले लोक चालतात. वाटेत प्रत्येक गावचा देव आपली पालखी घेऊन सामील होतो.

फोटो काढणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. ऐयारप्परची पालखी असते काचेची, आणि नंदीची असते वाळ्याची. हो, आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच सुगंधी वाळा! एक पालखी चमचम करणारी आणि दुसरी मातकट तपकिरी, उजेड गिळून टाकणारी. दोन्ही शेजारी शेजारी चालणाऱ्या. वर डोक्यावर ऊन, मध्येच नारळीची सावली, मध्येच केळीची बाग, पुढे नदीची वाळू. नंतर संध्याकाळ, आणि मग दिवे. चालत्या गोष्टीचा बदलत्या उजेडात फोटो काढायचा झाला, तर याहून अवघड आणि याहून सुंदर जागा मला माहीत नाही.

उजेड किती बदलतो, ते आधी बघू. उजेड मोजायचं माप आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स असतात. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत दहा-बारा हजार. रात्री घरात दिवा लावला की शंभर-दोनशे. आणि पौर्णिमेच्या चांदण्यात? जेमतेम पाव लक्स. उन्हातून सावलीत दोन पावलं टाकली की उजेड आठपट कमी होतो, आणि तुम्हाला ते कळतसुद्धा नाही!

का कळत नाही? कारण डोळा गुपचूप काम करत असतो. डोळ्याची बाहुली उन्हात दोन मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत फुलते. व्यास चौपट झाला की भोकाचं क्षेत्रफळ सोळापट होतं. त्याशिवाय डोळ्याच्या आतला पडदाही आपली संवेदनशीलता कमीजास्त करतो. सिनेमागृहात शिरल्यावर आधी काही दिसत नाही आणि मग हळूहळू खुर्च्या दिसू लागतात, ते याच पडद्यामुळे. डोळ्याबद्दल बोलतोच आहोत तर सांगते, तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांना डोळ्यांच्या आजारांचं आणि उपचारांचं जबरदस्त वेड होतं. त्यांच्या काळातल्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवल्या आहेत. सरफोजी १८३२ साली वारले आणि कॅमेरा जगासमोर आला १८३९ साली. सात वर्षं फक्त! तो त्यांच्या हाती पडला असता तर त्यांनी त्याने पहिला फोटो डोळ्याचाच काढला असता, असं मला वाटतं.

कॅमेऱ्यालाही उजेडाचा हिशेब करावा लागतो. त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे शटर. हे दार किती वेळ उघडं राहील? एक सेकंद, त्याचा निम्मा, त्याचा निम्मा... असं करत करत सेकंदाचा हजारावा भाग. हे निम्मं-निम्मं लक्षात ठेवा, कारण कॅमेऱ्याचा सगळा कारभार असाच दुपटीने आणि निमपटीने चालतो. तबला शिकत असाल तर तुम्हाला हे आधीच येतं. ठाय लयीतला बोल दुगुनीत निम्म्या वेळात बसतो, चौगुनीत पाव वेळात. कॅमेऱ्यातल्या अशा एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात.

दुसरी गोष्ट भिंगामागचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर. हे आपल्या बाहुलीचं भावंड. त्याचे आकडे मात्र विचित्र दिसतात: २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तेवढं छिद्र लहान! आणि एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाताना दुपटीऐवजी १.४ ने का गुणायचं? कारण उजेड शिरतो तो छिद्राच्या क्षेत्रफळातून. व्यास १.४ पट कमी केला की क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं. पडताळायचं असेल तर १.४ ला १.४ ने गुणून बघा.

तिसरी आयएसओ. सेन्सरवर पडलेला उजेड कमी असेल तर त्यातून आलेला विजेचा इशारा कॅमेरा वाढवून घेतो. आयएसओ १०० वरून २०० केला की दुप्पट, ४०० केला की चौपट. पण फुकट काही नाही. उजेड फार थोडा असताना तो खूप वाढवला, की चित्रात रंगीत दाणे दिसायला लागतात.

आता उन्हासाठी फोटोग्राफरांचा एक जुना आणि पक्का नियम. निरभ्र ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवा आणि शटर ठेवा आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. उजेडमापक नको, बॅटरी नको. सूर्य सगळीकडे तोच आहे, त्यामुळे हा नियम तिरुवैयारूत चालतो तसाच सोलापुरातही चालतो. आता पालखी हलते आहे, म्हणून शटर जलद हवं. तर मग छिद्र १६ वरून ११, ८, ५.६ असं तीन पायऱ्या उघडायचं आणि शटर तीन पायऱ्या जलद करायचं: १/२००, १/४००, १/८००. उजेड तेवढाच आला, पण आठपट कमी वेळात!

पण १/८०० कशाला हवं? १/१०० पुरणार नाही का? चला, परत हिशेब. समजा तुमच्या फोटोत चार मीटर रुंदीचा देखावा मावला आहे आणि फोटोत आडवे ४,००० ठिपके आहेत. म्हणजे एक ठिपका बरोबर एक मिलिमीटर. पालखी सेकंदाला एक मीटर चालते, तर १/१०० सेकंदात ती दहा मिलिमीटर सरकली, म्हणजे दहा ठिपके. काचेच्या पालखीतली बारीक नक्षी दहा ठिपक्यांत पुसली जाणार. १/८०० सेकंदात ती सव्वा ठिपकाच सरकते. आणि पालखीपुढे तविल, म्हणजे दक्षिणेतला ढोल, वाजवणारा असतो, त्याची काठी समजा सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली येते आहे. १/८०० सेकंदातही ती सहा मिलिमीटर जाते. थोडी पुसट दिसेल. दिसू दे! पुसट काठी आणि ठळक चेहरा, अशा फोटोतून तविलचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो.

वेग कमी कसा करायचा, याच्याही युक्त्या आहेत, आणि त्यांना बटण लागत नाही. पालखी तुमच्यासमोरून आडवी जात असेल तर ती फोटोत भरभर सरकते. तीच तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर फोटोतलं तिचं सरकणं अगदी थोडं असतं. म्हणून अनुभवी फोटोग्राफर रस्त्याच्या वळणावर उभे राहतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. भोई चालतात तशी पालखी खालीवर झुलते. झोका सगळ्यात वर गेला की क्षणभर थांबतो, मग खाली येतो. त्या क्षणी तिचा खालीवर जाण्याचा वेग शून्य! लेझीम खेळणारा उडी मारतो तेव्हाही असंच होतं. उंचावरचा तो क्षण पकडला की हळू शटरसुद्धा चालून जातं.

आता मुख्य गोष्टीवर येऊ. ही कळली की बाकी सगळं सोपं आहे.

तुमच्या फोनमधला किंवा कॅमेऱ्यामधला स्वयंचलित उजेडमापक हुशार आहे, पण त्याला पालखी ही पालखी म्हणून ठाऊक नाही. जुन्या पद्धतीचा मापक एवढंच बघतो, की समोरच्या सगळ्या चित्राची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी येते का? पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा तो राखाडी रंग. सरासरी त्याहून उजळ आली तर तो फोटो काळवंडवतो, काळी आली तर उजळवतो. नवे फोन चेहरे ओळखतात आणि थोडं शहाणपण दाखवतात, पण गर्दीत त्यांचाही गोंधळ उडतो.

बघा आता काय होतं ते. काचेच्या पालखीवर ऊन लखलखलं. मापक म्हणाला, “बाप रे, किती उजेड!” आणि त्याने सगळा फोटो काळा केला. आतले देव अंधारात गेले. मागून वाळ्याची पालखी आली. मापक म्हणाला, “किती अंधार!” आणि त्याने फोटो उजळवला. नंदीच्या गळ्यातले पांढरे हार जळून गेले. भोवती पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, नेसलेले शंभर लोक आले, तर त्या वेष्टीही राखाडी झाल्या. आणि गंमत म्हणजे, या सगळ्या वेळात ऊन तसूभरही बदललेलं नव्हतं!

म्हणून बटण दाबण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: उजेड बदलला तो पालखीवर बदलला, की पालखीच्या मागेपुढे?

पालखी भर उन्हात रस्त्याने चालली आहे. तिच्यामागे आधी काळंभोर झाड होतं, मग पांढरी भिंत आली, मग आकाश आलं. चित्र बदललं, मापक गोंधळला. पण पालखीवरचा उजेड तोच आहे. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, पालखी शंभर पावलं पुढे गेली तर त्याला काय फरक पडतो? इथे मापकाचं ऐकायचं नाही. एकदा उन्हातला हिशेब ठरवला की शटर, छिद्र, आयएसओ तिन्ही तिथेच बांधून टाकायचे आणि पालखी उन्हात आहे तोवर त्यांना हात लावायचा नाही.

मग पालखी नारळीच्या दाट सावलीत शिरली. आता बदल खुद्द पालखीवर झाला आहे. उजेड आठपट घटला, म्हणजे तीन पायऱ्या. आता बांधून ठेवलं तर फोटो काळा येईल. पण शटर हळू करता येत नाही, कारण पालखी तर त्याच वेगाने चालली आहे. छिद्र आधीच बरंच उघडलं आहे. उरला आयएसओ: १०० वरून २००, ४००, ८००. म्हणून पुष्कळ फोटोग्राफर अशा वेळी शटर आणि छिद्र आपल्या हातात ठेवतात आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवतात. उन्हा-सावलीचा खेळ भरभर चालला असेल तर माणसाचं बोट पुरं पडत नाही, तिथे यंत्राची मदत घेणंच शहाणपणाचं.

आणि दोन्ही एकदम आलं तर? पालखीचा पुढचा दांडा उन्हात आणि मागचा सावलीत? तेव्हा मी उन्हाच्या बाजूने कौल देईन. कारण असं आहे. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका उजेड मोजतो, पण त्याची मोजायची मर्यादा असते. ती भरली की पुढचं सगळं एकच: पांढरं. तिथे हार होता की काच होती, ते त्या ठिपक्याला सांगता येत नाही, नंतर कितीही खटपट करा. सावलीतला भाग मात्र थोडा काळा आला तरी त्यात माहिती शिल्लक असते, ती पुढे उजळवून काढता येते.

तिरुवैयारूच्या चित्रै महिन्याची आणखी एक खासियत आहे. हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण ११ अंशांवर. त्यामुळे एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या आसपास दुपारी सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईला हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला येतो. डोक्यावरचं ऊन म्हणजे चेहऱ्यांसाठी संकट: भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची सावली ओठांवर, आणि पालखीच्या छताची सावली आतल्या देवावर. आता या अडचणीत मदतीला येते नदी! पालखीला वाटेत कावेरी ओलांडावी लागते. कावेरीचं पाणी वर मेट्टूर धरणात अडवतात, आणि रिवाजाप्रमाणे ते शेतीसाठी १२ जूनला सोडतात, २८ जानेवारीला बंद करतात. म्हणजे उत्सवाच्या दिवसांत नदीच्या पात्रात बहुतेक कोरडी वाळू असते. कोरडी, फिकट वाळू अंगावर पडलेल्या उन्हापैकी तिसरा हिस्सा तरी परत वर फेकते. वरून सूर्य आणि खालून वाळू! छताखालचा देव आणि भुवयांखालचे डोळे खालून उजळतात. काळी डांबरी सडक असं काही करत नाही. पात्राजवळ उभं राहून फोटो काढणाऱ्याला वाळू किती मदत करते, ते फोटो बघितल्यावर कळतं.

संध्याकाळी मात्र घाई होते. तिरुवैयारूसारख्या दक्षिणेकडच्या गावांत सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. सूर्यास्तानंतर दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होत जातो. म्हणजे एक पायरी, तीन मिनिटांनी आणखी एक, परत तीन मिनिटांनी आणखी एक. आता बांधून ठेवलेला हिशेब पाच मिनिटांतच शिळा होतो. दिवसभर जो फोटोग्राफर निवांत होता, तो या वीस मिनिटांत सारखा आकडे बदलताना दिसेल.

आणि मग दिवे लागतात. इथे आपला प्रश्न परत विचारू: उजेड कुठे बदलतो आहे? सूर्य लांब होता, म्हणून अंतराने फरक पडत नव्हता. दिवा जवळ आहे. दिव्यापासून दोन मीटरवर जेवढा उजेड, त्याच्या चौपट एका मीटरवर. पालखी रस्त्यावरच्या खांबाखालून गेली की तिच्यावरचा उजेड चढतो, मग उतरतो. पण पालखीबरोबरच दिवे घेऊन माणसं चालत असतील तर? दिवा आणि पालखी यांच्यातलं अंतर बदलतच नाही! पालखी कितीही चालू दे, तिच्यावरचा उजेड तेवढाच. अंधाऱ्या रात्री, हलत्या गर्दीत, सगळं काही बांधून ठेवायची मुभा मिळते. रात्री पालखी कुठल्या दिव्याने उजळली आहे, हे एकदा नीट बघितलं की निम्मं काम झालं. फ्लॅश मात्र नको. काचेच्या पालखीवर तो नुसता पांढरा डाग होऊन परत येतो, भोयांचे डोळे दिपतात, आणि दिव्यांचा पिवळा उजेड, ज्यासाठी आपण थांबलो होतो, तो पुसून जातो. देवळाच्या आतही फोटोला परवानगी आहे का, हे विचारूनच कॅमेरा काढायचा.

तिरुवैयारूत आणखी एक मोठा सोहळा होतो, जानेवारीच्या आसपास, पौष वद्य पंचमीला. कर्नाटक संगीताचे रचनाकार संत त्यागराज याच गावात राहिले आणि ६ जानेवारी १८४७ ला वारले. त्यांची समाधी कावेरीच्या काठावर आहे. पडक्या अवस्थेतल्या या जागी देऊळ उभं राहावं म्हणून बंगळूरच्या गायिका नागरत्नम्मा यांनी आपली सगळी मिळकत खर्च केली, आणि बायकांना तिथे गायची मुभा नव्हती तेव्हा त्यासाठीही त्या भांडल्या. आज तिथे शेकडो गायक-गायिका मांडवात समोरासमोर बसून त्यागराजांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, एका सुरात गातात.

गायक बसलेले असतात, मग हलतं काय? हात! सगळे मांडीवर ताल धरतात. मांडवात उजेड बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी, मागे मात्र उघड्या नदीकाठाचं लख्ख ऊन. म्हणजे मापक फसणार, चेहरे काळे करणार, हे आता तुम्हीच ओळखलं असेल. पण शटरचं काय? हात हलतात म्हणून फार जलद शटर लावलं तर उजेड पुरत नाही. उपाय तालातच आहे. या पाचही कृती आदि तालात आहेत, आठ मात्रांचा ताल. टाळीच्या मात्रेवर हात मांडीला टेकतो आणि क्षणभर थांबतो. ज्याला ताल कळतो तो बरोबर त्या टाळीवर बटण दाबतो, आणि शेकडो हात १/६० सेकंदातसुद्धा ठळक येतात. ज्याला ताल कळत नाही त्याला १/५०० लागतं, आणि आयएसओ तीन पायऱ्या वर चढवावा लागतो. संगीत येणाऱ्याचा कॅमेरा अंधारात जास्त बघतो, असं मला त्यामुळे अगदी मनापासून वाटतं.

आता तुम्ही करून बघा. घरातल्या कुणाचा तरी फोन मागून घ्या. एका मित्राला एखाद्या साध्या भिंतीसमोर, सावलीत उभं करा. भिंतीवरचा आणि त्याच्यावरचा उजेड सारखा हवा. एक फोटो त्याने पांढरा शर्ट घातलेला असताना काढा, दुसरा काळी शाल पांघरलेली असताना. दोन्ही वेळा जवळून काढा, म्हणजे कपड्याने निम्मी चौकट भरेल आणि बाजूला भिंत दिसेल. मग परत तेच दोन फोटो काढा, पण या वेळी पहिल्या फोटोआधी पडद्यावर मित्राच्या चेहऱ्यावर बोट थोडा वेळ दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये त्याने उजेडाचा हिशेब तिथेच बांधला जातो, आणि कुलपाचं चिन्ह किंवा तसा शब्द दिसतो. मित्राने कपडे बदलून दुसरा फोटो काढून होईपर्यंत, फोटोचं बटण सोडून पडद्याला परत हात लावू नका. चारही फोटो शेजारी शेजारी ठेवा. मित्राकडे बघू नका, मागच्या भिंतीकडे बघा. कुठल्या दोन फोटोंत भिंतीचा रंग बदलला, आणि कुठल्या दोन फोटोंत ती तशीच राहिली?